जुन्या लेसमधली बारावी लिंक

माझी पर्स सगळ्यांसमोर टेबलावर उलटी केली, तेव्हा तिच्यातून एक कंगवा, आईच्या गुडघेदुखीच्या गोळ्या, दोन सेफ्टी पिना आणि अर्धी खाल्लेली चिक्की पडली. शेठना पेन ड्राइव्ह हवा होता. तो निघाला नाही म्हणून त्यांनी पर्सचं अस्तरसुद्धा चाचपून पाहिलं. स्टुडिओतले बाकीचे सगळे आपापल्या पडद्याकडे बघत बसले होते. एकच जण उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, कबूल करून टाक. शेठ मोठ्या मनाचे आहेत."

त्या माणसावर मी सूड कसा उगवला, ते मला सांगायचं आहे. तो उगवताना मला फार आनंद झाला हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःला जरा बरी दाखवण्याची शक्यता आहे.

आमचं घर मूळचं धुळ्याकडचं. वडील तरुणपणी सुरतेला लूमवर आले आणि इथलेच झाले. मी इथे जन्मले, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, आणि वडील गेल्यावर पर्वत पाटियाजवळच्या एका डिझाइन स्टुडिओत लागले. स्टुडिओ एका साडीवाल्या शेठचा. त्यांचं दुकान आणि केबिन मार्केटमध्ये, स्टुडिओ इथे, आणि आमचं घर कोसाडच्या वसाहतीत. माझ्या कामाला धड नाव नव्हतं. डिझायनर कम्प्युटरवर साडीचं डिझाइन काढायचे. ते कशावरून काढायचं हे शोधून देणं माझ्याकडे होतं. बिहारच्या गिऱ्हाइकाला कुठला गुलाबी चालतो, दक्षिणेकडे बॉर्डर किती रुंद लागते, कुठल्या परदेशातल्या जुन्या फरशीवरची वेल पल्लूवर शोभेल, आणि मुख्य म्हणजे आपण काढतोय ते डिझाइन दुसऱ्या कुणी आधीच बाजारात आणलंय का, हे सगळं मी इंटरनेटवर बघायचे.

बघितलेलं सापडणं ही खरी अडचण होती. सुरुवातीला मी पत्ते वहीत उतरवून घ्यायचे. एवढाले लांबलचक पत्ते, एक अक्षर चुकलं की पान उघडत नसे. मग स्वतःलाच मेल करू लागले. त्या मेलांच्या ढिगात काही हाती लागेना, म्हणून लिंका ब्राउझरमध्येच जतन करू लागले, पण त्या त्या एका कम्प्युटरपुरत्याच राहायच्या. घरी एक जुना कम्प्युटर घेतला होता, रविवारी त्यावर काही छान सापडलं तर ते सोमवारी स्टुडिओत नसायचं. शेठच्या केबिनमध्ये बसून काही दाखवायचं म्हटलं तर ते तिथे नसायचं. एकदा स्टुडिओचा कम्प्युटर बिघडला आणि दीड वर्षाच्या लिंका एका दिवसात गेल्या. मी जिन्यात बसून रडले होते.

त्यानंतर मला कळलं की ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने साइन-इन केलं की जतन केलेल्या लिंका त्या खात्यासोबत राहतात. तेच खातं दुसऱ्या कम्प्युटरवर उघडलं की तिथेही दिसतात. इथे एक पुसली की तिथलीही पुसली जाते, तिथे नाव बदललं की इथेही बदलतं. मी माझं खातं तिन्ही ठिकाणी टाकलं: स्टुडिओतल्या मोठ्या कम्प्युटरवर, शेठच्या केबिनमधल्या कम्प्युटरवर आणि घरी. मग एकेक फोल्डर लावत गेले. जाल, बुट्टे, पल्लू, काठ, रंग, राज्यवार गिऱ्हाइकं, लेस. आई मसाल्याचे डबे लावते तसे. अंधारात हात घातला तरी हळदीच्या जागी हळदच लागावी.

शेठसाठी ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर अगदी पहिली लिंक मी "आजचं" नावाने ठेवली होती. बाजारात काल कुणी काय नवीन आणलं, ते रोज सकाळी त्यांच्यासाठी मी तिथे लावून ठेवत असे. साडेदहाला चहा यायचा, शेठ चष्मा लावायचे आणि "आजचं" दाबायचे. आठ वर्षांत तिथे साधारण चार हजार लिंका झाल्या. हे सगळं माझ्या स्वतःच्या खात्यात आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. लोकांना वाटायचं ते कम्प्युटरमध्येच असतं. खरं सांगायचं तर मीही विसरले होते.

आता तो. तो आमच्याच तालुक्यातला. सहा वर्षांपूर्वी स्टुडिओत आला तेव्हा त्याला चित्र उत्तम काढता येत होतं आणि कम्प्युटर चालू करता येत नव्हता. त्याच्या तोंडची अहिराणी ऐकून मी त्याला शेजारची खुर्ची दिली. माउस कसा धरायचा इथपासून लिंकवर चांदणी दाबून ती कशी जतन करायची इथपर्यंत सगळं मी शिकवलं. लग्न होईपर्यंत दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला असायचा. आई त्याच्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा करायची, तो तिला मावशी म्हणायचा. मला सख्खा भाऊ नाही. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

स्टुडिओत फोन नेता येत नसत. सकाळी वॉचमनकडे एका ट्रेमध्ये फोन ठेवायचा आणि संध्याकाळी घ्यायचा, म्हणजे नवीन डिझाइनचा फोटो बाहेर जाऊ नये. तरीही त्या वर्षी आमची अकरा डिझाइनं आम्ही बाजारात आणायच्या आधीच एका दुसऱ्या व्यापाऱ्याच्या कॅटलॉगमध्ये आली. काठाचा रंगसुद्धा तोच. शेठ स्वतः स्टुडिओत आले आणि मोठा कम्प्युटर उघडून बसले. जतन केलेल्या लिंकांमध्ये एक त्या व्यापाऱ्याच्या ऑनलाइन फोल्डरची निघाली. त्या फोल्डरमध्ये आमची अकराही डिझाइनं होती. ब्राउझरच्या कोपऱ्यात माझा छोटासा गोल फोटो होता, कुठल्याशा लग्नातला, नथ घातलेला.

शेठनी त्यावर बोट ठेवलं. "ये फोटो किसका है, बेन?"

"माझा. पण इथे सगळेच बसतात, शेठ."

"फोटो सबका है क्या?"

मग पर्स उलटी झाली, आणि मग तो "ताई, कबूल करून टाक" म्हणाला. त्या क्षणी मला कळलं. तो माझ्या डोळ्यांकडे न बघता माझ्या कपाळाकडे बघत होता. लहानपणापासून माझ्याशी खोटं बोलणारी माणसं कपाळाकडेच बघत आली आहेत.

घरी आले तेव्हा आई साड्यांचे धागे कापत बसली होती. मार्केटमधून गठ्ठे येतात, उलट्या बाजूला लोंबणारे धागे कापून परत द्यायचे असतात. माझं तोंड बघून तिने कात्री खाली ठेवली.

"काय व्हयनं?"

मी सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तू चोर शे का?"

"नाही."

"मंग रडस कसाले?"

आणि पुन्हा कात्री उचलली. मीही दुसरी कात्री घेऊन तिच्यासमोर बसले. पुढचे तीन महिने तिथेच बसून होते. मार्केटमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी चार ठिकाणी काम मागायला गेले, चारही ठिकाणी पाणी दिलं आणि "कळवतो" म्हणाले. एका ठिकाणी तर मालकाने बोलता बोलता समोरच्या टेबलावरचे नमुने उचलून कपाटात ठेवले.

स्टुडिओत सॅम्पल साड्यांना फॉल-बिडिंग करणारी एक बाई होती, अमरावतीकडची. ती आमच्याच वसाहतीत राहायची. ती एकटीच माझ्याशी बोलत राहिली. तिच्याकडून एका रविवारी कळलं की माझ्या खुर्चीवर आता तो बसतो, आणि शेठ त्याला "मास्टरजी" म्हणतात.

त्या दुपारी मी घरचा कम्प्युटर चालू केला, तो सगळं पुसून टाकायच्या विचाराने. आठ वर्षांच्या चार हजार लिंका. माझ्या आहेत, माझ्या हातांनी मारीन. शेठच्या केबिनमध्ये सकाळी चहा येईल आणि पट्टी रिकामी असेल, असं चित्र मी डोळ्यांसमोर आणत होते. सगळं निवडून पुसण्याच्या बटणावर बाण आणून ठेवला. मग म्हटलं, शेवटचं एकदा बघून घ्यावं. एकेक फोल्डर उघडत गेले. लेसच्या आत मी "जुन्या लेस" असं आणखी एक फोल्डर केलं होतं, ज्यांची फॅशन गेली अशा लेसचं. तिथे कुणी फिरकत नसे. त्यात अकरा लिंका होत्या, मला पक्कं माहीत होतं.

आता बारा होत्या.

बारावी मी उघडली. त्याच व्यापाऱ्याचं एक नवीन फोल्डर. आत आमच्या स्टुडिओचेच नंबर घातलेली सात डिझाइनं, मागच्याच आठवड्यातली. प्रत्येक फाइलखाली ती कधी टाकली त्याची वेळ होती. सगळ्या शनिवारी दुपारी एक ते दोन, म्हणजे बाकीचे जेवायला खाली जातात आणि तो डबा खायला जागेवरच बसतो तेव्हा.

फोन ट्रेमध्ये असायचा, त्यामुळे त्याला तो लांबलचक पत्ता कम्प्युटरमध्येच कुठेतरी ठेवणं भाग होतं. मी शिकवल्याप्रमाणे त्याने चांदणी दाबली होती. मी गेले म्हणजे माझं खातंही गेलं, असं त्याला वाटलं असावं. किंवा त्याने काहीच विचार केला नसावा. तो रोज माझ्या नथ घातलेल्या फोटोखाली बसून काम करत होता आणि त्याने जतन केलेली प्रत्येक गोष्ट कोसाडला माझ्या घरात येऊन पडत होती.

सरळ शेठकडे जायचं होतं. कुणीही शहाणं माणूस तेच करेल. मी गेले नाही. मला तो लगेच पकडला जायला नको होता. आधी त्याची फजिती बघायची होती. आईने विचारलं, आज हसतेस कशाला? मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुपारी जेवण झाल्यावर कम्प्युटरसमोर बसू लागले. "नवीन काठ" फोल्डरमधल्या लिंकांची नावं मी तशीच ठेवली आणि आतले पत्ते बदलले. नाव नवीन, पण दाबलं की उघडायचा दोन वर्षांपूर्वी बाजारात येऊन गेलेला माल, तोही ज्या कॅटलॉगवर तारीख लिहिलेली नाही असा निवडून. रोज दोन-तीनच बदलायचे. एकदम केलं असतं तर संशय आला असता. त्याच्याकडे हात होता, पण बाजार पाठ नव्हता. बाजार माझ्याकडे होता. काय जुनं आणि काय नवं हे तो माझ्याच फोल्डरवरून ठरवायचा.

दीड महिन्याने अमरावतीवाली सांगत आली. "मास्टरजीनं अठरा डिझाइनं काढले हो ताई, मोठं नवं कलेक्शन म्हणून. पाटण्याची पार्टी आली होती. पार्टीनं तीन पाहिले अन् म्हणे, ये तो हम बेच के भूल गये. सगळ्यांसमोर म्हणे. शेठचं तोंड पाहाले पाहिजे होतं."

"आणि त्याचं?"

"तो पाणी प्यायला गेला."

मी तिला दोनदा चहा पाजला. पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले: पार्टी नेमकं काय म्हणाली, कुठे बसली होती, तो उठला तेव्हा कसा उठला. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले. पर्स उलटी झाल्यापासून पहिल्यांदा.

पण याच दुपारांत मी आणखी एक गोष्ट करत होते, ती सांगितली नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

त्याने स्वतःचं एक फोल्डर केलं होतं. नाव दिलेलं नव्हतं, नुसते तीन टिंब. त्यात कामरेजच्या फ्लॅटच्या जाहिराती होत्या, जुन्या मोटारसायकली होत्या, आणि तीस-बत्तीस लिंका एकाच विषयाच्या होत्या. तीन वर्षांचं मूल बोलत नाही. मुलाला हाक मारली तरी बघत नाही. मुलाला बोलतं करण्याचे खेळ. त्याला मुलगी आहे हे मला माहीत होतं. बारशाला मी चांदीचे वाळे दिले होते. ती बोलत नाही हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. या लिंका सगळ्या दुपारच्या, डबा खाण्याच्या वेळेच्या. म्हणजे एका हाताने डिझाइनं विकत होता आणि दुसऱ्या हाताने हे वाचत होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते असं: बरं झालं. हे मी खरं लिहिते आहे. बरं झालं असं वाटलं, आणि नंतर त्याची लाजही वाटली नाही.

त्यात एक लिंक अशा केंद्राची होती जिथे अशा मुलांना तपासतात. फॉर्म भरून नंबर लावायचा होता. त्याने ती सोमवारी जतन केली. मंगळवारी मी ती पुसली. गुरुवारी त्याने पुन्हा शोधून जतन केली, मी शुक्रवारी पुसली. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. मी पुसताना आई मागून आली होती. तिला वाचता येतं पण कम्प्युटरवरचं समजत नाही. "काय करी ऱ्हायनी?" म्हणाली. मी म्हटलं, कचरा काढतेय.

चौथ्यांदा ती लिंक आली नाही.

यानंतर मी फार दिवस थांबले नाही. तिसऱ्यांदा पुसल्यावर मला घाई झाली होती, का ते मी तेव्हा बघितलं नाही. एका बुधवारी सकाळी दहाला मी जुन्या लेसमधली बारावी लिंक उचलली, पट्टीवर अगदी पहिल्या जागी आणून ठेवली आणि तिचं नाव बदललं: "आजचं". मी गेल्यापासून "आजचं" कुणी बदललेलं नव्हतं, तेच शिळं पान उघडायचं. पण शेठ सवयीचे माणूस. अमरावतीवालीने मागेच सांगितलं होतं की चहाबरोबर ते अजूनही तेच बटण दाबतात.

साडेदहाला मी कात्री हातात घेऊन बसले होते, पण एक धागा कापला नाही. घड्याळ बघत होते. पर्वत पाटियाहून मार्केट किती लांब, केबिनपासून स्टुडिओत यायला गाडीला किती वेळ लागेल, रिंग रोडवर आत्ता गर्दी असेल की नसेल, एवढंच डोक्यात. बारा वाजले, एक वाजला. दोनच्या सुमारास अमरावतीवाली अर्धी रजा टाकून थेट आमच्या दारात.

शेठ आले होते. कुणाशी न बोलता आधी माझ्यानंतर स्टुडिओत बसवलेल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. शनिवार, दुपारी एक. मग त्याला उठवलं. खिसे उलटे केले, बॅग उलटी केली आणि शेवटी डबासुद्धा टेबलावर पालथा केला. भेंडीची भाजी आणि दोन पोळ्या.

मी मोठ्याने हसले. इतकी हसले की शेजारीण डोकावली. आई हसली नाही.

"डबा बी?" ती म्हणाली.

"हो. डबापण."

ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. घासायला तेवढी भांडी नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. मी गेले. मुद्दाम नवी साडी नेसून गेले. स्टुडिओत सगळे होते. शेठनी मला बाजूला नेऊन सांगायला सुरुवात केली की कामावर ये, पगार पहिल्यापेक्षा चांगला देऊ, तुझ्यावाचून अडलं आहे.

मी म्हटलं, "शेठ, इथे नको. त्या टेबलाजवळ बोलू. तिथेच माझी पर्स उलटी केली होती तुम्ही. तिथे सगळ्यांसमोर सांगा, बेन चोर नव्हती, चूक माझी झाली."

शेठ हसले. "अरे बेन, धंधे में हो जाता है. मन में मत रखो."

"मनात नाही ठेवत. तुम्ही तेवढं बोला."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. सगळे ऐकत होते. वयाने मोठा माणूस, मार्केटमध्ये नाव असलेला. मला दिसत होतं की वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलं होतं. मग ते म्हणाले, "कल से आ जाओ, बस."

मी मोठ्या कम्प्युटरवर बसले. खुर्ची त्याने स्वतःच्या उंचीला लावून ठेवली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. कोपऱ्यातल्या माझ्या फोटोवर बाण नेला आणि खातं काढून टाकलं. जतन केलेलं सगळंही या कम्प्युटरवरून काढायचं का, असं कम्प्युटरने विचारलं. हो म्हटलं. पट्टी कोरी झाली. केबिनमधलं खातं मी आदल्याच दिवशी घरून बंद केलं होतं, हे शेठना अजून माहीत नव्हतं.

"वो सब कहाँ गया?" शेठ म्हणाले.

"घरी, शेठ. माझं होतं, माझ्या घरी गेलं."

खाली रस्त्यावर आल्यावर रिक्षात बसायच्या आधी मी उसाचा रस प्यायले. इतका गोड रस पुन्हा कधी मिळालेला नाही.

त्याचा फोन मात्र महिन्याने आला. दुपारची वेळ होती, आई समोर धागे कापत होती. नंबर बघून मी स्पीकर लावला, तिनेही ऐकावं म्हणून.

"ताई, मी शे."

मी फोन आईच्या बाजूला सरकवला.

"तुझ्याकडे त्या सगळ्या लिंका असतील ना. माझ्याही होत्या त्यात. पोरीच्या. एक बाई होती, मराठीत खेळ शिकवायची, तिचं नाव मला आठवत नाही. किती शोधलं, सापडत नाही. तेवढ्या देशील का?"

मी म्हटलं, "आधी सांग, चोरी कुणी केली?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "चोरी मी करी, ताई."

"मोठ्याने."

"चोरी मी करी."

आईने कात्री थांबवली होती. या वाक्यासाठी मी सात महिने काढले होते, आणि ते अहिराणीत आलं, आमच्या घरच्या बोलीत, याचा मला वेगळाच आनंद झाला. मी तिच्याकडे बघून मान हलवली. बघ, अशी. आणखीही काही बोलायचं मी ठरवून ठेवलं होतं, भाकरी आणि ठेच्याबद्दल, पण तोच पुढे बोलू लागला.

"माझ्या हातून वाईट झालं. मला त्याचंच फळ मिळालं, ताई. तपासणीचा फॉर्म होता, तो तीनदा जतन केला, तिन्ही वेळा गेला कम्प्युटरमधून. कामाच्या गडबडीत राहून गेलं. मग नंबर भरले. आता चार महिन्यांनी बघू म्हणतात. बायको बोलत नाही माझ्याशी."

खरं काय ते तेव्हाच सांगता आलं असतं. आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्या कपाळाकडे बघितलं.

"पाठवते," एवढं म्हणून फोन ठेवला.

"फॉर्म कसा गया व्हई?" आईने विचारलं.

"कम्प्युटरचं काही सांगता येतं का?"

त्या संध्याकाळी मी त्याच्या तीन टिंबांच्या फोल्डरमधल्या सगळ्या लिंका काढल्या. मराठीत शिकवणाऱ्या बाईंची सापडली. मी लावते तशा त्या लावल्या, आधी घरी करायचे खेळ, मग वाचायचं, मग सुरत, वडोदरा आणि नाशिकची केंद्रं, त्यातली दोन मी स्वतः शोधून घातली. कुठे नंबर लवकर लागतो तेही फोन करून विचारलं आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाठवलं. त्याने लिहिलं, "मिळालं." बाकी काही नाही.

आता मी घरूनच काम करते. तीन छोटे डिझायनर आणि एक दुकान माझ्याकडून शोधून घेतात, त्यांच्या कम्प्युटरवर मी माझं खातं कधीही उघडं ठेवत नाही. शेठच्या स्टुडिओत माझ्यानंतर दोन माणसं बदलली असं ऐकते, आणि ऐकून बरं वाटतं. त्याची भेंडी टेबलावर सांडली त्याचंही मला अजून बरंच वाटतं. कुणी विचारलं तर तसं सांगतेही.

अमरावतीवाली म्हणाली, तो बायको-पोरीला घेऊन गावाकडे गेला, तिथे साइनबोर्ड रंगवतो. मुलीचं काय झालं ते तिला ठाऊक नाही. फॉर्म कुणी पुसला हे मी त्याला कळवलं पाहिजे, असं मला अधूनमधून वाटतं. नंबर माझ्याकडे आहे. अजून कळवलेलं नाही.